हेड घासायचे, भरायचे की बदलायचे? जुन्या टेम्पोच्या इंजिनाचा हिशोब

मराठवाड्यातील लहान व्यापाऱ्याचा टेम्पो म्हणजे त्याचे अर्धे दुकान असते. जालना-मंठा-जिंतूर रस्त्यावरून सेलूचा रस्ता जेथे फुटतो, त्या देवगाव फाट्यावर सकाळी अर्धा तास उभे राहिले तरी हे पटते. कापडाचे गठ्ठे, भांडी, चपला, खाटा आणि कपाटे घेऊन गाड्या आठवडी बाजाराकडे निघालेल्या असतात. दोन-अडीच लाख किलोमीटर चाललेल्या गाड्या यात कमी नसतात. अशी गाडी एक दिवस बाजाराला पोहोचली नाही तर त्या दिवसाची विक्री जातेच, शिवाय उधारीवर आणलेल्या मालाची मुदत तेवढ्याने जवळ येते.

उन्हाळ्यात अशी एखादी गाडी वाफ सोडत रस्त्याच्या कडेला उभी राहते. मिस्त्री इंजिनाचे हेड उतरवतो आणि मतांचा बाजार सुरू होतो. एक म्हणतो, नुसते गॅसकेट टाका. दुसरा म्हणतो, हेड फेस मारून आणा. तिसरा भंगारातून तयार हेड आणायला सांगतो. चौथा म्हणतो, एवढे उघडलेच आहे तर पूर्ण इंजिनच करून टाका. गाडीमालक मध्ये उभा राहून सर्वांची तोंडे पाहतो आणि शेवटी ज्याचा आकडा लहान, त्याचे ऐकतो.

या ओळी लिहिणारा कापडाचा व्यापारी आहे, मिस्त्री नव्हे. परंतु पाना मिस्त्रीच्या हातात असला तरी पैसा मालकाच्या खिशातून जातो. म्हणून मालकाला निदान प्रश्न विचारता आले पाहिजेत. सांगायची गोष्ट एकच आहे. हेडचा निर्णय हेडच्या किमतीवर करू नये. आधी मापे घ्यावीत, खालच्या इंजिनाची प्रकृती पाहावी, गाडी आणखी किती महिने चालवायची ते ठरवावे आणि मगच वाट निवडावी. कापडाच्या धंद्यात आधी गज आणि मग कात्री असते. इंजिनालाही हाच नियम लागू आहे.

हेड का बिघडते?

हेड म्हणजे इंजिनाचे झाकण. पण हे साधे झाकण नव्हे. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह त्यात असतात. गाडी डिझेल असेल तर नोझल आणि पेट्रोल असेल तर प्लगही त्यातच बसतो. सभोवती पाणी फिरण्याचे मार्ग असतात. एका बाजूला आग, दुसऱ्या बाजूला पाणी आणि मध्ये बोटभर धातू, अशी त्याची अवस्था असते. हेड आणि ब्लॉक यांच्या मधील गॅसकेट हे आग, पाणी आणि ऑइल यांना एकमेकांपासून दूर ठेवते.

जुन्या डिझेल गाड्यांचे हेड बहुधा बिडाचे असते. पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजेच २००५ पासूनच्या फोर्स मोटर्सने, मर्सिडीजच्या ओएम ६१६ या इंजिनावर ट्रॅक्स गाड्या काढल्या. मराठवाड्याच्या रस्त्यांवर त्यांनी पिढी काढली. त्यांचे हेड बिडाचे असते. उलट मारुती ओम्नीच्या ७९६ सीसी पेट्रोल इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असते. हा फरक महत्त्वाचा आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. खाली बिडाचा ब्लॉक आणि वर ॲल्युमिनियमचे हेड असेल आणि इंजिन एकदा जास्त तापले, तर हेड वाकते. बिडाचे हेड वाकण्यापेक्षा तडकते आणि ही तड बहुधा दोन व्हॉल्व्हच्या मधल्या अरुंद जागेत जाते.

आपल्या भागात याला आणखी दोन कारणे जोडली जातात. पहिले कारण ऊन. परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. दुसरे कारण पाणी. रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी ओतत राहिले की हंड्याच्या बुडाशी बसते तशी खार आतल्या मार्गांत बसते. रेडिएटर अर्धा बुजतो, वॉटर पंप झिजतो आणि शिक्षा हेडला होते. त्यामुळे हेड दुरुस्त करून रेडिएटर तसाच ठेवला, तर दुरुस्तीचे पैसे पाण्यात गेले असे समजावे.

उतरवण्यापूर्वीची तपासणी

हेड उतरवल्यावर काही चाचण्या करता येत नाहीत. गाडी चालू होत असेल तर आधी इतके पाहून घ्यावे.

पाणी कमी होते पण कोठे गळत नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, पाण्याचा पाइप सुरुवातीलाच दगडासारखा कडक होतो, ऑइलची काडी काढली तर चहासारखे दुधाळ ऑइल दिसते, ही गॅसकेट उडाल्याची किंवा हेड तडकल्याची लक्षणे आहेत. सकाळी सुरू करताना किंवा उतारावरून आल्यावर थोडा निळा धूर निघून बंद होत असेल तर संशय व्हॉल्व्हच्या गाईडवर आणि ऑइल सीलवर घ्यावा. धूर चढावर आणि भार असताना सतत निघत असेल, ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर आतून जोराने फुंकर येत असेल, तर रिंग आणि लायनर झिजले आहेत. याला गॅरेजमध्ये ‘बॅक मारणे’ म्हणतात.

यानंतर कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. चांगल्या पेट्रोल इंजिनात ते साधारण ११ ते १३ किलो येते, तर डिझेलमध्ये इंजिनाच्या प्रकारानुसार २० ते ३० किलोच्या आसपास. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकात असतो. मात्र आकड्याइतकाच चारही सिलिंडरमधील फरक महत्त्वाचा आहे. दोन शेजारच्या सिलिंडरचेच कॉम्प्रेशन पडले असेल तर त्यांच्या मध्ये गॅसकेट जळाले असण्याचा संभव मोठा. चारही सारखेच खाली असतील तर इंजिन एकंदरच झिजले आहे. पेट्रोल इंजिनात चमचाभर ऑइल सिलिंडरमध्ये टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर दोष रिंगचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा. डिझेलमध्ये ही युक्ती फसवते. तेथे पिस्टनच्या वरची जागाच इतकी थोडी असते की ऑइलमुळे आकडा उगीच वाढतो.

हे आकडे कागदावर लिहून ठेवावेत. पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे.

उतरवल्यावर घ्यायची मापे

हेड प्रथम स्वच्छ धुवावे. ॲल्युमिनियमच्या हेडवर तारेचा ब्रश किंवा फिरते घासपान चालवू नये. त्याने खड्डे पडतात आणि नवे गॅसकेटही तेथून फुंकते.

पहिले माप सपाटीचे. सरळ पोलादी पट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फिलर घालतात. अनेक चार सिलिंडर इंजिनांत ०.०५ ते ०.१० मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही. वहीच्या एका पानाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. म्हणजे एका पानाएवढा वाक गॅसकेट उडवायला पुरतो. डोळ्यांनी तो दिसत नाही. म्हणून ‘बघितले, सरळ आहे’ या वाक्यावर विसंबू नये. ब्लॉकचा वरचा पृष्ठभागही याच पट्टीने तपासावा.

दुसरी तपासणी तडीची. पाण्याचे मार्ग पट्ट्या लावून बंद करतात, आत दाबाची हवा सोडतात आणि हेड गरम पाण्यात बुडवतात. बुडबुडे आले तर तड आहे. पाणी गरमच हवे, कारण काही तडी धातू तापल्यावरच उघडतात. ही चाचणी आणि फेसिंग यांसाठी फाट्यावरून हेड बहुधा परभणी किंवा जालन्याला पाठवावे लागते. एक दिवस जातो, पण हा दिवस वाचवू नये.

तिसरे माप गाईडचे. व्हॉल्व्ह थोडा उचलून आडवा हलवला तर अनुभवी हाताला ढिलाई कळते, पण डायल लावून मोजलेले बरे. ढिल्या गाईडमध्ये व्हॉल्व्ह सरळ बसत नाही. सीट कितीही सुंदर कापली तरी ती काही महिन्यांत बिघडते. म्हणून क्रम असा असावा: आधी गाईड, मग सीट, मग व्हॉल्व्ह घासणे. सीट व्हॉल्व्ह बसवून रॉकेल ओतून तपासतात. काही मिनिटांत खाली ओल आली तर ती पकडत नाही. गाडी सीएनजीवर चालत असेल तर धुराच्या बाजूच्या सीटकडे विशेष लक्ष द्यावे. हे इंधन कोरडे असते आणि मऊ सीट लवकर आत बसते. तेथे कडक धातूचीच सीट हवी.

चार वाटा

मापे हातात आल्यावर चार वाटा उरतात.

पहिली, नुसते गॅसकेट. हेड सरळ, तड नाही, गाईड-सीट ठीक आणि गाडी तापण्याचे कारण सापडले, तर हा निर्णय योग्य आहे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र न मोजता टाकलेले गॅसकेट म्हणजे नशिबाचा खेळ.

दुसरी, फेसिंग आणि व्हॉल्व्हचे काम. वाक मर्यादेबाहेर असेल तर फेस मारावाच लागतो. पण प्रत्येक वेळी हेड पातळ होते. डिझेलमध्ये जास्त उतरवले तर व्हॉल्व्ह पिस्टनला टेकण्याची भीती असते. प्रत्येक इंजिनाला हेडच्या कमीत कमी जाडीची मर्यादा असते आणि काही कंपन्या फेसिंगला परवानगीच देत नाहीत. अनेक डिझेल इंजिनांना वेगवेगळ्या जाडीची गॅसकेट मिळतात. त्यांच्या कडेवरील छिद्रे किंवा खाचा मोजून जाडी ओळखतात. आधी कोणी फेस मारला आहे का, हे जाडी मोजूनच कळते. ज्या ॲल्युमिनियम हेडवर कॅमशाफ्ट बसतो ते वाकले असेल, तर खालचा भाग फेस मारून सरळ होतो पण कॅमची वाट वाकलेलीच राहते. कॅम हाताने मोकळा फिरला पाहिजे. नाही फिरला तर हेड आधी गरम करून सरळ करावे लागते.

तिसरी, गाईड, सीट बदलून आणि तड भरून पूर्ण दुरुस्ती. ॲल्युमिनियमची तड आर्गॉन वेल्डिंगने चांगली भरते, जर वेल्डर जाणकार असेल. बिडाचे हेड पूर्ण तापवून भरावे लागते आणि हळूहळू थंड करावे लागते. थंड हेडवर मारलेले वेल्डिंग शेजारी नवी तड काढते. भरल्यावर दाबाची चाचणी पुन्हा घ्यायलाच हवी.

चौथी, हेड बदलणे. नवे मिळत असेल आणि परवडत असेल तर प्रश्न नाही. भंगारातील हेड स्वस्त पडते. परंतु त्याने आधीच्या गाडीत काय सोसले, ते आपल्याला ठाऊक नसते. म्हणून जुन्या हेडचीही वरील सर्व मापे झाली पाहिजेत. विक्रेत्याकडून एक गोष्ट ठरवून घ्यावी: दाबाच्या चाचणीत नापास झाले तर परत. हे मान्य नसेल तर किमतीत कितीही सूट असो, सौदा सोडून द्यावा.

पैशाचा हिशोब

आता व्यापाऱ्याच्या भाषेत बोलू. खालील आकडे केवळ हिशोब समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपले घालून पाहावेत.

समजा, टेम्पो डिझेल आणि ड्रायव्हरचा खर्च जाऊन रोज १,५०० रुपये देतो. नुसत्या गॅसकेटला ६,००० रुपये आणि २ दिवस लागले, तर खरा खर्च ९,००० रुपये. हेडच्या पूर्ण कामाला १८,००० रुपये आणि ५ दिवस, म्हणजे खरा खर्च २५,५००. पूर्ण इंजिनाला ६०,००० रुपये आणि १२ दिवस, म्हणजे ७८,०००.

एवढ्यावर गॅसकेट स्वस्त दिसते. आता महिन्यांनी भागा. वाकलेल्या हेडखाली टाकलेले गॅसकेट ३ महिने टिकले तर महिना ३,००० रुपये पडला. हेडचे पूर्ण काम २४ महिने टिकले तर महिना सुमारे १,०६० रुपये. पण खालच्या रिंग झिजलेल्या असतील आणि तेच काम ६ महिन्यांत पुन्हा उघडावे लागले, तर महिना ४,२५० रुपये. अशा वेळी ५ वर्षे टिकणारे पूर्ण इंजिन महिना १,३०० रुपयांत पडते आणि तेच स्वस्त ठरते. म्हणून खालच्या इंजिनाची तपासणी आधी सांगितली. झिजलेल्या रिंगवर नवे हेड म्हणजे जीर्ण कापडाला नवे ठिगळ. शिवण पक्की असते, कापड मात्र शेजारी फाटते.

गाडीचे उरलेले आयुष्यही यात धरावे. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. २०२१ मध्ये वाहन भंगार धोरण जाहीर झाले आणि १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील गाड्यांच्या फिटनेसचे शुल्क वाढले. गाडी चौदाव्या वर्षात असेल तर पाच वर्षे टिकणाऱ्या इंजिनाचा हिशोब करताना पत्रा, चासी आणि फिटनेस यांचाही विचार करावा. दुसरी बाब कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता. नियमित जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला धंद्याच्या मालवाहू गाडीच्या दुरुस्तीवरील कर वळता करून घेता येतो. त्यासाठी पक्के बिल हवे. बिल नको म्हणून पाचशे रुपये सुटणारे बंधू अनेकदा त्याहून जास्त गमावतात.

आणि वेळेचा हिशोब. परभणीचा हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस फेब्रुवारीत भरतो. त्यानंतर लग्नसराई आणि ऊन दोन्ही एकदम येतात. गाडीची तपासणी त्याआधी, थंडीत करावी. आपण ठरवून उघडलेले इंजिन आणि रस्त्यात अडल्यामुळे उघडलेले इंजिन यांच्या खर्चात मोठा फरक असतो. अडलेल्या माणसाला भाव करता येत नाही.

गॅसकेट मारून विकून टाकू?

काही जण पाचवी वाटही सुचवतात. स्वस्तात गॅसकेट टाका, चार दिवस बरी चालेल, तेवढ्यात गाडी विकून मोकळे व्हा. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. ओले धान्य खाली आणि कोरडे वर ठेवणाऱ्या विक्रेत्याला त्यांनी सुनावले, ही हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणीच ऐकली आहे. तडकलेल्या हेडवर रंग मारून विकणे आणि ओल्या धान्यावर कोरडे पसरणे यात फरक नाही. गाडी विकायची तर जरूर विकावी, पण दोष सांगून आणि त्याची किंमत कमी करून. घेणाराही बहुधा आपल्यासारखाच कोणी फेरीवाला किंवा बाजारकरी असतो. त्याचे अर्धे दुकान आपण बुडवलेले असते.

मिस्त्री बंधूंसाठी

आपल्या समाजातील किती तरी घरे गॅरेज, लेथ आणि वेल्डिंगच्या हुन्नरावर चालतात. हा हुन्नर उस्तादाकडून शागिर्दाकडे हाताने आला आहे. त्याला आता मापाची जोड हवी. सरळ पट्टी, फिलर, कॉम्प्रेशन गेज आणि टॉर्क पाना ही चार हत्यारे ज्याच्याकडे आहेत तो गिऱ्हाइकाला आकडा दाखवू शकतो. आकडा दाखवणाऱ्याला मजुरी मागताना घासाघीस करावी लागत नाही.

बसवताना काही गोष्टी चुकवू नयेत. बोल्टच्या छिद्रांत ऑइल किंवा पाणी राहू देऊ नये, नाहीतर पाना खोटा जोर दाखवतो आणि ब्लॉकही तडकू शकतो. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, ठरलेल्या क्रमाने आणि दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. ताणून बसणारे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते नवेच घालावेत. काही जुन्या इंजिनांत गरम झाल्यावर पुन्हा आवळणी सांगितलेली असते, ती विसरू नये. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय सोडावी. रेडिएटर धुऊन, शुद्ध पाण्यात कूलंट मिसळून भरावे.

शेवटचे, लिहून ठेवणे. उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आहे. गॅरेजचा व्यवहारही बराचसा उधारीचाच असतो. एका चिठ्ठीवर इतके लिहावे: उतरवण्यापूर्वीचे कॉम्प्रेशन, हेडचा वाक, जाडी, दाबाच्या चाचणीचा निकाल, कोणते भाग नवे घातले, मजुरी किती, किती दिवसांत गाडी देणार आणि कोणत्या कामाची किती महिने जबाबदारी. काढलेले जुने भाग मालकाला दाखवावेत. दोघांनी सही करावी आणि चिठ्ठीची एक प्रत गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी. पुढच्या वेळी हेड कोणत्याही गावी उघडले तरी तेथील मिस्त्रीला ती चिठ्ठी उपयोगी पडेल, आणि मालकाला चार मतांच्या मध्ये उभे राहावे लागणार नाही.